पैनगंगेवरची रेघ

काही महिन्यांपूर्वी धर्मगुरूंच्या एका बैठकीत हिंगोली जिल्ह्याचा विषय निघाला. विषयपत्रिकेवर तो नव्हता. चहा झाल्यावर, बैठक उठण्याच्या बेतात असताना, एका तरुण धर्मगुरूने तो भीतभीतच काढला. त्या जिल्ह्यात विखुरलेल्या कॅथलिक कुटुंबांसाठी काही वेगळी व्यवस्था लावावी काय, एवढाच त्याचा प्रश्न होता. त्यावर आमच्या एका ज्येष्ठ बंधूंनी, ज्यांच्याविषयी आमच्या मनात नितांत आदर आहे, प्रतिप्रश्न केला, "घरे किती?" आकडा कोणालाच सांगता आला नाही. "मग?" असे म्हणून त्यांनी वही मिटली आणि समारोपाची प्रार्थना सुरू झाली.

आम्हीही त्या प्रार्थनेत सामील झालो. तोंड मात्र उघडले नाही. त्या 'मग?'चे उत्तर त्याच वेळी द्यावयास हवे होते. ते आज, उशिरा का होईना, ह्या पानांवर देत आहोत. आमच्या धर्मग्रामाच्या हद्दीत ह्या जिल्ह्याचा बराच भाग येतो. तेव्हा ही टीका दुसऱ्यावरची जेवढी, तेवढीच स्वतःवरची आहे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

घरे किती, हा प्रश्न गैर नाही. मेंढपाळाने मोजदाद ठेवावयासच हवी. नव्याण्णव आहेत हे ठाऊक असल्याखेरीज एक हरवले हे त्याला कळणार तरी कसे? आमची हरकत आहे ती, आकडा माहीत नसताना तो किरकोळच असणार असे गृहीत धरण्याला. जनगणनेच्या तक्त्यातील 'ख्रिस्ती' हा रकाना पाहून आपण निर्धास्त होतो. परंतु मराठवाड्यातील आपले बहुसंख्य श्रद्धावंत दलित समाजातून आले आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या. ख्रिस्ती माणूस आजही त्या दाराबाहेर उभा आहे. अशा स्थितीत शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि उशाशी जपमाळ, असे दुहेरी जिणे कित्येक कुटुंबांच्या वाट्याला आले तर नवल नाही. ज्या घराला सरकारी कागदावर ख्रिस्ती म्हणवून घेणे परवडत नाही, त्या घराची गणना सरकारी कागदावरून करणे हा कोठला न्याय? ती मोजायची तर उंबरा ओलांडून आत गेले पाहिजे. त्यासाठी जवळ राहणारा माणूस पाहिजे. तो नेमायचा की नाही हे ठरविण्यासाठी आपण पुन्हा आकडा मागतो! ह्या चक्रात आमची पिढी उमेदीची वर्षे घालवून बसली आहे.

आता ज्या सीमेमुळे ही सगळी अडचण, ती आली कोठून हे पाहू. हिंगोली हे निजामाच्या राज्यातील एक लष्करी ठाणे होते. हैदराबाद कंटिन्जंट नावाची, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील फौज येथे असे आणि तिचा खर्च निजाम सरकारने सोसावयाचा असे. हा खर्च थकला, कर्जाचा डोंगर झाला आणि १८५३ च्या तहाने निजामाला वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या हवाली करावा लागला. पैनगंगेच्या अलीकडे निजामाचा अंमल, पलीकडे इंग्रजांचा, असे झाले. म्हणजे जी फौज हिंगोलीच्या माळावर कवायत करीत होती, तिच्याच थकलेल्या पगारातून हिंगोली आणि वाशीम ह्यांच्यामधली ही रेघ ओढली गेली. कंटिन्जंट १९०३ साली हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली. निजामाचे राज्य १९४८ च्या सप्टेंबरात संपले. १९५६ मध्ये मराठवाडा आणि विदर्भ एकाच राज्यात आले व १९६० पासून दोन्ही महाराष्ट्रात नांदत आहेत. ज्यांनी ती रेघ ओढली ते दोघेही गेले. रेघ ख्रिस्तसभेने मात्र जपून ठेवली आहे.

अमरावतीचा धर्मप्रांत १९५५ साली नागपूरमधून वेगळा झाला. अमरावतीतून १७ डिसेंबर १९७७ रोजी औरंगाबादचा धर्मप्रांत निर्माण झाला आणि डॉमिनिक आब्रेओ हे त्याचे पहिले बिशप झाले. आम्ही तेव्हा पाटीवर अक्षरे गिरवीत होतो; पण घरातल्या वडीलधाऱ्यांचा आनंद आठवतो. मराठवाड्याला आपला बिशप मिळाला होता. तो निर्णय योग्यच होता आणि त्याविषयी आम्ही तक्रार करणार नाही. तथापि ह्या धर्मप्रांताचा विस्तार पाहा. सुमारे ६४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ श्रीलंकेएवढा प्रदेश. त्यात श्रद्धावंतांची दाट वस्ती पश्चिमेस, वैजापूर-गंगापूरच्या बाजूला. संत फ्रान्सिस डी सेल्सच्या संघाचे मिशनरी तेथे राबले. घोगरगावी फादर जाकिये ह्यांच्या कबरीपाशी आजही लोक गुडघे टेकतात. साहजिकच चर्च, शाळा, वसतिगृहे, सिस्टरांचे दवाखाने त्या बाजूस उभे राहिले. पूर्वेकडे आपण पोचलो ते उशिरा आणि थकून. हिंगोलीपासून बिशपांचे निवासस्थान दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. ज्या शहरात ते आहे त्याचे नावही आता छत्रपती संभाजीनगर झाले. नाव बदलले, अंतर तेवढेच राहिले.

उलट वाशीम पाहा. हिंगोलीहून पन्नास किलोमीटरांच्या आतबाहेर. पूर्णा-अकोला लोहमार्ग वसमत, हिंगोली, वाशीम ही गावे एका दोऱ्यात ओवतो. २००८ साली तो रुंद झाल्यापासून तर येजा आणखी सोपी झाली. सेनगावच्या शेतकऱ्याला रिसोडचा बाजार जवळ, वसमतकराला नांदेड जवळ. सोयरिकी नदीच्या दोन्ही तीरांवर होतात. मतदारसंघांची आखणी करणाऱ्यांनाही हे उमगले. हिंगोली लोकसभा मतदारसंघात पैनगंगेपलीकडचे, यवतमाळ जिल्ह्यातले उमरखेडही येते. राज्य सरकारने १ मे १९९९ रोजी परभणीचे विभाजन करून हिंगोली जिल्हा केला, तो परभणीचे कार्यालय लांब पडते ह्या साध्या कारणासाठी. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी माणसाने किती लांब जावे ह्याचा विचार मुंबईच्या मंत्रालयाला सुचला. ख्रिस्तप्रसादासाठी किती लांब जावे ह्याचा विचार आपल्याला अजून सुचावयाचा आहे.

"अहो, पण सीमा ही केवळ व्यवस्थेची बाब, श्रद्धेला कसली सीमा?" असे काही वाचक म्हणतील. प्रवचनात हे वाक्य छान शोभते. व्यवहारात काय होते ते सांगतो.

ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेप्रमाणे धर्मग्राम सर्वसाधारणपणे प्रदेशावर आधारलेला असतो. विवाहाच्या बाबतीत तर ११०९ वे कलम फार कडक आहे. धर्मग्रामप्रमुखाला विवाह लावण्याचा अधिकार आहे तो त्याच्या हद्दीपुरता. हद्दीबाहेर, स्थानिक धर्मग्रामप्रमुखाची वा बिशपांची संमती न घेता त्याने लग्न लावले, तर ते लग्नच अवैध ठरते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक लग्न होते. वर कळमनुरी तालुक्यातला, वधू पैनगंगेपलीकडची. ज्या धर्मगुरूंच्या हातून वधूने प्रथम ख्रिस्तप्रसाद घेतला होता त्यांनीच लग्न लावावे, असा तिच्या घरच्यांचा आग्रह. आम्ही आनंदाने संमती दिली. नेमका आदल्या रात्री त्यांना ताप भरला आणि त्यांनी आपल्या सहायकाला पाठवून दिले. सहायक तरुण, पण अभ्यासात पक्का. मांडवात आल्यावर त्याच्या लक्षात आले की, एका लग्नापुरती दिलेली संमती ज्याला दिली त्याच्यापुरतीच. ती परस्पर दुसऱ्याच्या हाती सोपविता येत नाही. त्याने आम्हांला फोन लावला. आम्ही एका वाडीवर होतो आणि तेथे फोन लागत नव्हता. मुहूर्त आपण मानीत नाही खरे, परंतु वाढलेली ताटे तर मानावीच लागतात. दुपारी तीनच्या सुमारास आमचा फोन लागला, आम्ही संमती दिली आणि लग्न पार पडले. वराचा चुलता, जो आपल्या धर्माचा नाही, आम्हांला पुढे एकदा एसटी स्थानकावर भेटला आणि म्हणाला, "फादर, तुमच्यातबी तहसीलच हाय म्हणायचं." आम्ही हसलो. दुसरे काय करणार?

ह्या प्रसंगात निदान शेवटी जेवणावळ उठली. दुसरा प्रसंग सांगताना लेखणी अडखळते. सेनगाव तालुक्यातील एका खेड्यात आमची एक वृद्ध श्रद्धावंत भगिनी होती. जवळपासच्या चार-सहा घरांतील मुलांना तिनेच 'आमच्या बापा' शिकविले होते. एका रात्री तिच्या मुलाने फोन करून सांगितले की, आईचे काही खरे नाही, तिला रुग्णाभ्यंग हवा आहे. आम्ही शंभर किलोमीटरांच्या घरात अंतरावर. पहाटे निघतो असे कळविले आणि पहाटे निघालो. पोचलो तेव्हा दहा वाजले होते. म्हातारी सहालाच गेली होती. पलीकडच्या धर्मप्रांतातील धर्मगुरू तेथून तासाभराच्या अंतरावर होते. आम्ही त्यांना रात्रीच फोन का केला नाही? कायद्याची आडकाठी मुळीच नव्हती. निकडीच्या वेळी कोणत्याही धर्मगुरूला हा संस्कार देता येतो. मरणोन्मुख माणसाला पापक्षमा देण्याचा अधिकार तर प्रत्येक धर्मगुरूला आहे. हे आम्ही सेमिनरीत पाठ केले होते. ते धर्मगुरू 'आपल्या धर्मप्रांताचे' नव्हते, म्हणून त्यांचे नाव आम्हांला सुचलेच नाही. ह्याहून वेगळे कारण शोधूनही सापडत नाही. नकाशावरची रेघ डोक्यात इतकी खोल गेली होती. मुलगा आम्हांला म्हणाला, "फादर, तुम्ही एवढ्या लांबून आलात हेच पुष्कळ." त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

ज्या बंधूंनी "मग?" विचारले त्यांना आम्ही हा प्रसंग सांगावयास हवा होता.

ही झाली ठिकाणावर राहणाऱ्यांची कथा. जे ठिकाणावर राहतच नाहीत त्यांचे काय? दसरा झाला की मुकादमाकडून उचल घेतलेल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. पोरे बरोबर, म्हातारी माणसे गावात. सांगली, कोल्हापूर, पुणे, अहिल्यानगर, कधी कर्नाटकचा सीमाभाग. जेथे कारखाना तेथे कोपी. उन्हाळ्याच्या तोंडाशी परत. म्हणजे आगमनकाळ, नाताळ, बहुतेक सारा उपवासकाळ आणि कधी कधी ईस्टरही त्यांचा फडातच जातो. ज्या महिन्यांत धर्मग्राम खऱ्या अर्थाने जागा असतो, नेमके त्याच महिन्यांत ही माणसे त्यात नसतात. आमच्या एका वस्तीवरच्या पोरांनी गव्हाणी कधी पाहिलेलीच नाही. जूनमध्ये ती दिसणार कशी?

कायदेसंहितेने ह्यांचा विचार केलेला नाही असे नाही. १०२ व्या कलमानुसार एखाद्या ठिकाणी तीन महिने राहिले वा राहण्याचा हेतू असला की तेथे अर्धनिवास प्राप्त होतो, आणि १०७ व्या कलमानुसार निवासाचा एक आणि अर्धनिवासाचा एक असे दोन्ही धर्मग्रामप्रमुख त्या माणसाचे होतात. कागदोपत्री आमच्या ऊसतोड कामगाराला दोन फादर आहेत. मुंबईच्या बंगल्यात राहणाऱ्यालाही इतके लाभत नाहीत! परंतु दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण त्याच्या बाबतीत शब्दशः खरी ठरते. येथले फादर समजतात की तो तिकडे आहे. तिकडच्या फादरांना तो आल्याचा पत्ताच नसतो. फडातल्या कोपीत मूल जन्मले, तेथील कोणा कनवाळू धर्मगुरूने त्याचा स्नानसंस्कार केला आणि आपल्या वहीत नोंद केली. वीस वर्षांनी त्या मुलाचे लग्न निघते आणि दाखला कोणत्या धर्मग्रामातून आणावयाचा हे आईबापांना सांगता येत नाही. कारखान्याचे नाव तेवढे आठवते. असे दाखले शोधण्यात आमचे किती दिवस गेले ह्याची गणती नाही. प्रश्न केवळ कागदाचा नाही. ज्या ठिकाणी आपले फादर पोचत नाहीत तेथे इतर प्रार्थनागटांचे पाळक पोचतात, आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवतात, नावाने हाक मारतात. मग आपण व्यासपीठावरून ओरडतो की आपली माणसे पळविली! कोणी पळविली नाहीत. रिकाम्या दाराशी जो आला त्याच्याबरोबर ती गेली.

दुसरीकडे नवी माणसे जिल्ह्यात येत आहेत. राज्य राखीव पोलीस दलाचा गट हिंगोलीत आहेच. औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहावयाची आहे. २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. रुग्णालयांत केरळच्या परिचारिका असतात, शाळांत बाहेरच्या शिक्षिका. उद्या ह्यांच्यापैकी कॅथलिक मंडळी इंग्रजी वा हिंदी मिस्सा मागतील आणि तो त्यांचा हक्क आहे. आमची भीती एवढीच की, त्यांच्याजवळ मोटारी असतील, दूरध्वनीवर बोलण्याची सफाई असेल, आणि हिंगोलीत मिस्साची व्यवस्था अखेर होईल ती त्यांच्यासाठी. हळदीच्या शेतात राबणारी वसमतची बाई मागच्या बाकावर बसून न कळणारी गीते ऐकेल. प्रेषितांच्या कृत्यांतील सहावा अध्याय वाचावा. यरुशलेमच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होऊ लागले तेव्हा प्रेषितांनी त्यांना घरे किती म्हणून विचारले नाही. सात माणसे निवडून कामाची नवी वाटणी केली. ख्रिस्तसभेतील ही पहिली पुनर्रचना, आणि ती भाषेच्या कारणावरून व उपेक्षितांच्या तक्रारीवरून झाली.

तर मग उपाय काय? येथे आमचे काही प्रापंचिक मित्रांशीही पटत नाही. त्यांतले उत्साही लोक म्हणतात, पूर्व मराठवाड्याला वेगळा धर्मप्रांतच मागू. वसईला १९९८ मध्ये मिळाला, सिंधुदुर्गाला २००५ मध्ये मिळाला, मग आपल्यालाच का नाही? वसईचे उदाहरण येथे लागू पडत नाही. तेथे शतकानुशतकांची दाट वस्ती आणि नांदते धर्मग्राम होते. सिंधुदुर्गाचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे, कारण पुण्याहून घाट उतरून कोकण सांभाळणे किती अवघड हे तेथे ओळखले गेले. तरीही आजच्या घडीला आम्ही ही मागणी करणार नाही. धर्मप्रांत निर्माण करणे हे सर्वस्वी परमगुरूंच्या हाती आहे. त्याला वर्षे लागतात. आणि तो झाला की प्रथम काय उभे राहते, हे आम्ही ह्या वयापर्यंत पुरेसे पाहिले आहे. निवासस्थान, कार्यालय, सभागृह, त्यावर फरशी कोणती बसवावी ह्यावर समिती. सेनगावच्या म्हातारीपर्यंत फरशी पोचत नाही.

याउलट जे आपल्या हाती आहे ते पाहू. धर्मग्राम स्थापणे, बदलणे वा विसर्जित करणे हा ५१५ व्या कलमाने बिशपांचा अधिकार आहे. त्यांनी धर्मगुरूंच्या परिषदेचे म्हणणे ऐकून घ्यावे एवढीच अट. पूर्ण धर्मग्राम करण्याइतकी तयारी नसेल तर अर्धधर्मग्रामाची सोय ५१६ व्या कलमात आहे. हिंगोली जिल्ह्याच्या पाचही तालुक्यांसाठी, जिल्ह्यातच मुक्काम असलेला एक धर्मगुरू असलेला अर्धधर्मग्राम का होऊ नये? शाळा नको, वसतिगृह नको, कुंपणाची भिंतही नको. भाड्याची दोन खोल्यांची जागा आणि एक मोटारसायकल. हे म्हणताच उत्तर येते की धर्मगुरू कोठे आहेत? हा युक्तिवाद आम्ही फार आदराने ऐकत आलो, आता ऐकवत नाही. धर्मगुरू शाळांच्या कार्यालयांत आहेत. प्रवेशाच्या दिवसांत देणग्यांचे हिशेब, शिक्षण खात्याची तपासणी, बसगाड्यांचे विमे ह्यांत आहेत. आम्ही स्वतः नऊ वर्षे अशा खुर्चीत बसलो. चांगले काम होते, समाजाला त्याचा उपयोगही झाला. परंतु त्यासाठी अभिषेकाची आवश्यकता नव्हती. एखाद्या सुविद्य प्रापंचिकाने ते आमच्याहून चोख केले असते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली बिशपांच्या कार्यावरील आदेशात धर्मप्रांतांच्या सीमा योग्य रीतीने बदलाव्यात असे सुचविले, आणि धर्मग्राम स्थापण्याचा वा मोडण्याचा निकष आत्म्यांचे हित हाच ठेवला. इमारतींचे हित ठेवला नाही.

विलीनीकरणाचे पुरस्कर्तेही आहेत. दोन लहान धर्मग्राम एकत्र करा, एक धर्मगुरू वाचेल, असे ते सुचवितात. युरोपात असे झाले म्हणून आपणही करावे हा मोह समजू शकतो. परंतु रोममधील धर्मगुरूविषयक मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये जी सूचनापत्रिका काढली, तिने धर्मगुरूंची टंचाई वा पैशांची चणचण एवढ्यावरून धर्मग्राम मोडीत काढण्याला मान्यता दिलेली नाही. शिवाय युरोपात रिकाम्या होणाऱ्या देवळांचा प्रश्न आहे. आपल्याकडे अद्याप न उघडलेल्या दारांचा. एकाच औषधाने दोन्ही दुखणी बरी होत नाहीत.

पैनगंगेच्या बाबतीत तर नकाशाला हातही लावण्याची गरज नाही. दोन्ही तीरांवरच्या धर्मग्रामप्रमुखांना दोन्ही बिशपांनी एकमेकांच्या हद्दीत विवाह लावण्याचा सर्वसाधारण अधिकार लेखी द्यावा. ११११ व्या कलमाने तो देता येतो. अशा चार ओळींच्या पत्राने कळमनुरीचे ते लग्न तीन तास खोळंबले नसते. वर्षातून दोनदा दोन्ही तीरांच्या धर्मगुरूंनी एकत्र बसावे, एकमेकांचे फोन क्रमांक आपल्या लोकांना वाटावेत, आणि चर्चच्या फलकावर ठळक लिहावे की, आजाऱ्यासाठी जो जवळचा त्याला बोलवा. ऊसतोडीच्या मोसमासाठी एखादा धर्मगुरू टोळ्यांमागे जावा. स्थलांतरितांसाठी असे नेमणे ५६८ व्या कलमाला अभिप्रेतच आहे. त्याची वही एकच असावी आणि मोसम संपला की प्रत्येक स्नानसंस्काराची नोंद मूळ गावाच्या धर्मग्रामात पोचावी.

सर्वांत महत्त्वाचे, मास्तर परत आणावेत. मराठवाड्यातील ख्रिस्ती जीवन मिशनऱ्यांइतकेच गावोगावच्या मास्तरांनी उभे केले. रविवारी चावडीसमोर किंवा लिंबाखाली प्रार्थना घ्यावी, मुलांना शिकवावे, मयताला उभे राहावे, फादरांना निरोप धाडावा. तुटपुंज्या मानधनावर ह्या माणसांनी गावे धरून ठेवली. पुढे मिशनच्या मदतीचा ओघ आटला तसे मास्तर कमी झाले आणि त्यांची जागा कोणी घेतली नाही. पोप फ्रान्सिस ह्यांनी मे २०२१ मध्ये धर्मशिक्षकाच्या सेवेला विधिपूर्वक प्रतिष्ठा दिली. रविवारी धर्मगुरू नसेल तेथे प्रापंचिकांनी उपासना चालवावी ह्याविषयीची मार्गदर्शिका तर १९८८ पासून उपलब्ध आहे. आमच्या त्या सेनगावच्या भगिनीला कोणी कधी नेमणूकपत्र दिले नव्हते. अभिषेक झालेल्या आम्हांपैकी कोणी तिच्या चार-सहा घरांसाठी तिच्याइतके केले असेल, असे आम्हांला वाटत नाही.

ह्या लेखाने काही बंधू रागावतील. एखादा म्हणेल की, घरातले धुणे चव्हाट्यावर कशाला? हे त्रैमासिक म्हणजे चव्हाटा नव्हे, आपल्या घरातलीच ओसरी आहे; आणि ओसरीवर बसलेल्यांना आतल्या खोलीत काय चालते हे कळण्याचा अधिकार आहे. धर्मग्राम परिषदांत हा विषय निघाला पाहिजे. "बिशप करतील तेव्हा करतील" असे म्हणून प्रापंचिकांनी गप्प बसू नये. बिशपांनाही गाऱ्हाणे ऐकू आल्यावाचून कसे कळावे?

आम्ही आमच्यापुरती सुरुवात केली आहे. पैनगंगेपलीकडच्या धर्मगुरूंना पत्र लिहिले, त्यांचे उत्तर आले, आणि आता आजाऱ्यांसाठी आम्ही परस्परांना बोलावतो. गेल्या आगमनकाळापासून एक नवी वही घातली आहे. तीत गाव, कुटुंबप्रमुख, स्नानसंस्कार कोठे झाला आणि मोसमात कोठे जातात, एवढे चार रकाने. वसमत आणि औंढा पुरे झाले. हिंगोली व कळमनुरी निम्मे झाले. पुणे, मुंबई, हैदराबाद येथे स्थायिक झालेल्या ज्या वाचकांचे आप्त ह्या तालुक्यांत असतील त्यांनी आपल्या धर्मग्रामप्रमुखांकडे त्या गावाचे नाव तेवढे द्यावे. ते आमच्यापर्यंत पोचेल. सेनगावची पाने अजून कोरी आहेत.